कार्डाला कुंकू

"तुमच्या या बँकेवर कधी दरोडा पडला होता का?"

हा प्रश्न मी तेरा वर्षांची असताना, जर्मनीतल्या कासेल शहरात, एका बँकेच्या काउंटरवर चांगल्या खणखणीत आवाजात विचारला. शेजारी आई उभी होती. एका खांद्याला पर्स, काखेत कागदपत्रांची प्लास्टिकची फाईल, आणि चेहऱ्यावर नुसतं कौतुक. लेक एकदाची जर्मन बोलली म्हणून. मी काय बोलले त्यातला एक शब्दही तिला कळला नव्हता, हे देवाचे उपकार.

काउंटरपलीकडच्या बाईंनी चष्मा काढला. तो त्यांच्या गळ्यातल्या साखळीला लोंबकळत राहिला. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, ब्रांडेस.

मागे दाराजवळ झेनेप आणि मीला, म्हणजे माझ्या दोन मैत्रिणी, एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसत होत्या. प्रश्न त्यांचाच होता. माझा फक्त आवाज.

आता हे मुळापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल मी जन्मापासूनच आगाऊ. आज मी सोळाची आहे आणि माझं तोंड बंद कसं करायचं ही इतरांची काळजी आहे, ते सोडा. पण तेव्हा मी मुकी होते. मिरजेहून आल्यापासून चौदा महिने शाळेत मी फक्त मान हलवत होते. मला समजत सगळं होतं. वाक्य डोक्यात तयारही व्हायचं. पण ओठांपर्यंत येईस्तोवर दुसरं कोणीतरी बोलून मोकळं व्हायचं. शेवटी वर्गशिक्षकांनी आईबाबांना बोलावून सांगितलं, "शाल्मलीला भाषा येत नाही. सातवी पुन्हा करावी लागेल."

त्या रात्री जेवताना मीच म्हटलं, "मला मिरजेला मावशीकडे पाठवा. मी तिकडेच शिकते."

बाबा म्हणाले, "विचार करून बोलतेस ना?"

"हो."

आईनं मला आणखी भात वाढला.

झेनेप आणि मीला ट्रामच्या थांब्यावरच्या मैत्रिणी. दोघी अखंड बोलायच्या, मी ऐकायचे. मी कुणाची चहाडी करणं शक्यच नव्हतं, म्हणून दोघींची यच्चयावत गुपितं माझ्याकडे जमा. मी कायमची चालले हे मोबाईलवर लिहून दाखवलं तेव्हा झेनेप चिडलीच.

"चौदा महिन्यांत तुझं एक अख्खं वाक्य ऐकलं नाही आम्ही! जायच्या आधी एक तरी ऐकव. अनोळखी माणसाला. प्रश्न आम्ही देणार."

थांब्यासमोरच ती बँक होती. त्यामुळे प्रश्न शोधायला दोघींना फार वेळ लागला नाही.

"विचारलंस तर चार स्कूप आइस्क्रीम," मीला म्हणाली. "नाही विचारलंस तर जा मुकीच."

ते 'जा मुकीच' मला झोंबलं. आठवडाभर न्हाणीघरात आरशापुढे उभी राहून मी ते वाक्य घोकलं. दरोडा हा शब्द मला मिरजेच्या पत्त्यासारखा पाठ झाला. तरी विचारायचं धाडस काही होत नव्हतं.

मग तो शुक्रवार उजाडला.

बाबा कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे पोलंडला गेले होते. एरवी महिन्याच्या सुरुवातीला ते मशीनमधून पैसे काढून आणायचे आणि चहाच्या डब्याशेजारच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे. आई त्यातून घर चालवायची. बँकेची पायरी तिनं खात्यावर सही करण्यापुरतीच चढली होती. यावेळी बाबांनी तिच्या नावाचं कार्ड मागवलं. मंगळवारी पोस्टानं कार्ड आलं, गुरुवारी वेगळ्या पाकिटातून पिन आला. आणि शुक्रवारी त्या कार्डाची खरी गरज पडली, कारण बाजवा अंकल.

बाजवा अंकल स्टेशनजवळ किराणा विकायचे. मेथी, तूरडाळ, हिंग, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर विमानाची तिकिटं. तिकिटाला फक्त रोख. फ्रँकफर्ट ते मुंबई, एकेरी, चारशे तीस युरो. "शुक्रवार शाम पाँच बजे तक रखूँगा, भाभीजी. उसके बाद मेरे हाथ में नहीं," असं त्यांनी बजावलं होतं. सुट्टीचा हंगाम होता. ते तिकीट गेलं तर पुढचं दुप्पट पैशाला, आणि तोवर मिरजेच्या शाळेतला प्रवेशही गेला असता.

शाळा सुटून आम्ही तिघी थांब्यावर उभ्या होतो, अडीच वाजले असतील. आईचा फोन आला.

"शालू, तीन मशीनं झाली. एकही घेईना. आत घातलं की बाहेर. बाळ नको असलेला घास थुंकतं ना, तसं."

"बाबांना विचार."

"लागत नाही. कारखान्यात शिरताना फोन कपाटात ठेवायला लावतात त्यांना. तुझ्या शाळेजवळ आपल्याच बँकेची शाखा आहे ना, तिथे येते. आत जाऊन विचारावं लागेल."

"कोण विचारणार?"

"तू."

"मी?"

"मग काय मिरजेच्या मावशीला बोलावू?"

आई आली ती धापा टाकतच. आम्ही आत शिरलो. झेनेप-मीला आपोआप मागोमाग. रांगेत चार माणसं होती. मी मनात शब्द जुळवायला घेतले. मशीन. कार्ड. माझी आई. घेत नाही. बाहेर. सगळे शब्द होते, पण मी एक धरला की दुसरा निसटायचा. बँक चारला बंद होणार होती. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झालेली.

"पुढे या," ब्रांडेसबाई म्हणाल्या. "काय हवंय?"

मी तोंड उघडलं. आणि तोंडात तयार, धुऊन-पुसून ठेवलेलं एकच वाक्य होतं. तेच बाहेर पडलं.

मघाशी सांगितलं ते हेच.

ब्रांडेसबाईंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "पडला होता. एकदा. मी नवीन होते तेव्हा. सकाळी नऊला एक जण आत शिरला आणि ओरडला, पैसे काढा. मी म्हटलं, अपॉइंटमेंट घेतलीय का?"

त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. हा विनोद आहे की माहिती, मला कळेना.

"मग?" मी विचारलं.

"मग तो गेला. तुम्ही घेतलीय का अपॉइंटमेंट?"

आईनं मला कोपरानं ढोसलं. "काय म्हणतायत?"

"काही नाही, ओळख करून घेतायत."

"मग कार्ड दे की त्यांना!" असं म्हणून तिनं स्वतःच पर्समधून कार्ड काढून काउंटरवर सरकवलं.

ब्रांडेसबाईंनी कार्ड उचललं, आणि अर्ध्यावरच त्यांचा हात थांबला. मग त्यांनी ते दोन बोटांच्या चिमटीत धरून दिव्यासमोर नेलं. कार्डाच्या सोनेरी चिपवर एक गडद लाल, सुकलेला डाग होता. कडेनं ओघळ आलेला.

"हे काय आहे?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "रक्त?"

आमच्या मागच्या रांगेतली कुजबूज थांबली. आधी दरोड्याची चौकशी, मग लाल डागाचं कार्ड. मी त्यांच्या जागी असते तर टेबलाखालचं बटण दाबलं असतं.

"आई, कार्डाला काय लावलंस?"

"कुंकू."

"कुंकू?"

"अगं, नवीन वस्तू घरात आली. देवापुढे ठेवली, हळदकुंकू लावलं. गाडी घेतली तेव्हा नाही का लावलं? फ्रीजला लावलं, तेव्हा बरी हसली नाहीस!"

"पण नेमकं त्या सोनेरी चौकोनावर?"

"मग कुठे लावू? तेवढंच कपाळासारखं दिसत होतं."

"आणि हे ओघळ?"

"तेलात कालवलं थेंबभर. कोरडं कुंकू राहतं का प्लास्टिकवर?"

"आई, ती चिप आहे! मशीन तेवढंच वाचतं!"

"मग तसं पत्रात लिहायचं ना बँकेनं," आई म्हणाली. एवढ्या गोंधळातही तिची बाजू भक्कम होती.

तोवर ब्रांडेसबाईंनी एक पाकीट काढून कार्ड त्यात टाकलं होतं. "हे मी ठेवून घेते. सोमवारी चौकशी होईल. पुढचे, या."

मागच्या म्हाताऱ्या आजोबांनी एक पाऊल पुढे टाकलं.

"थांबा!" मी म्हणाले.

आजोबा थांबले. ब्रांडेसबाई थांबल्या. मला वाटतं, मी स्वतःसुद्धा थांबले. मग बोलायला लागले.

"ते रक्त नाही. लाल पावडर आहे. माझ्या आईनं लावली. आमच्या घरी नवीन काही आलं की..." पुढे पूजा हा शब्द यायला हवा होता आणि त्याला जर्मन शब्द माझ्याकडे नव्हता. एरवी मी इथेच मान खाली घातली असती. पण पाकीट त्यांच्या हातात होतं. "तुमच्या घरी पाहुणा आला की तुम्ही काय करता?"

"कॉफी देतो," ब्रांडेसबाई म्हणाल्या.

"आम्ही कपाळाला लाल टिळा लावतो. हे कार्ड मंगळवारी आमच्याकडे पाहुणं म्हणून आलं. त्याला कॉफी कशी देणार?"

मागे आजोबा खुदकन हसले.

"कार्ड ही बँकेची मालमत्ता आहे," ब्रांडेसबाई म्हणाल्या.

"बरोबर. पाहुणा दुसऱ्याच्याच घरचा असतो."

आता त्यांनी चष्मा परत नाकावर चढवला. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला कळलं काहीच नव्हतं, पण कुठे हातभार लावायचा ते बरोबर कळलं. तिनं आधी आपल्या कपाळावरच्या टिकलीवर बोट ठेवलं, मग पर्समधून कुंकवाचा छोटा करंडा काढून झाकण उघडून काउंटरवर ठेवला. त्याच्या शेजारी फाईल उघडली. पासपोर्ट, राहण्याचा परवाना, लग्नाचा दाखला, आणि एक पिवळा पडलेला कागद.

"आई, तुझी दहावीची मार्कशीट कशाला?"

"असू दे. गणितात दीडशेपैकी एकशे एकोणतीस आहेत. बँकेलाही कळू दे."

मी तेही सांगितलं. ब्रांडेसबाईंनी मार्कशीट मन लावून पाहिली, जणू त्यांना मराठी येत होतं. पासपोर्टवरचा फोटो आणि आई ताडून बघितली. एका कागदावर तिची सही घेतली, कॉम्प्युटरवरच्या सहीशी जुळवली. मग पुन्हा माझ्याकडे वळल्या.

"आणि दरोड्याचं काय?"

मी दाराकडे बोट दाखवलं. झेनेप आणि मीला चटकन भिंतीवरच्या व्याजाच्या तक्त्याकडे बघायला लागल्या.

"त्यांनी पैज लावली होती. मी शाळेत कधीच बोलत नाही, म्हणून जायच्या आधी मी एक तरी प्रश्न विचारायचा. मी पुढच्या शनिवारी भारतात चाललेय. कायमची. तिकिटाचे पैसे आज पाचच्या आत द्यायचे आहेत, रोख, म्हणून ते कार्ड हवंय. माझ्या शाळेचं म्हणणं आहे की मला जर्मन बोलता येत नाही."

"असं शाळा म्हणते?"

"हो."

"मग गेली दहा मिनिटं तुम्ही माझ्याशी कुठल्या भाषेत भांडताय?"

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही. खण उघडून चष्मा पुसायच्या ओल्या कागदांची पुडी काढली आणि कार्ड पुसायला लागल्या. पहिला कागद लाल झाला. दुसरा पिवळा.

"यात तेल आहे," त्या कुरकुरल्या.

"थेंबभर," मी म्हटलं.

तिसऱ्या कागदानंतर चिप पुन्हा सोन्यासारखी चमकली. ब्रांडेसबाई काउंटरचं दार उघडून बाहेर आल्या आणि आम्हाला मशीनपाशी घेऊन गेल्या. अख्खी रांग माना वळवून बघत होती. मी कार्ड आत घातलं. मशीननं ते गिळलं, गुरगुरलं, आणि थुंकलं नाही. पडद्यावर अक्षरं आली.

"आई, पिन टाक."

"तूच टाक, मला ती बटणं भराभर सापडत नाहीत. चार, शून्य..."

"आई, हळू!"

"इथे कुणाला मराठी कळतंय?"

ब्रांडेसबाई शिष्टाचार म्हणून छताकडे बघत होत्या. मी पिन टाकला, चारशे तीस टाकले, हिरवं बटण दाबलं. आत फडफड झाली, फट उघडली, आणि नोटा जीभ दाखवल्यासारख्या बाहेर आल्या. दाराजवळून झेनेपनं शिट्टी मारली. बँकेत! आजोबांनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"पुढच्या कार्डाचं स्वागत मागच्या बाजूनं करा," ब्रांडेसबाई म्हणाल्या. "कोपऱ्यात. काळ्या पट्टीवर नको."

मी आईला सांगितलं. आईनं मनापासून मान डोलावली, मग करंडा पुढे केला. "विचार त्यांना, लावू का? एवढं केलं आपल्यासाठी."

मी विचारलं. ब्रांडेसबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आज नको. अजून तीन जण आहेत माझ्यापुढे. अपॉइंटमेंट घेऊन या."

यावेळी मला कळलं, विनोद आहे.

बाहेर आल्यावर दोघींनी मला असं आवळलं की माझं दप्तर खाली पडलं.

"तू थांबतच नव्हतीस!" मीला ओरडली. "मी मोजत होते. चाळीसेक वाक्यं!"

"चार स्कूप," मी म्हटलं.

झेनेपनं खिसे उलटे करून दाखवले. "आत्ता नाहीत. सप्टेंबरमध्ये, शाळा उघडली की."

"सप्टेंबरमध्ये मी इथे नसेन."

"मग तोटा तुझा," ती म्हणाली आणि उलटे खिसे परत आत कोंबायला लागली. ट्राम आली.

ट्राममध्ये आई खिडकीशी बसली. पैशांची पर्स तिनं दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. दोन थांबे गेले.

"केवढं बोललीस गं," ती म्हणाली. "मला वाटलं, ही कोण मुलगी!"

"आई, कार्ड देवापुढे ठेवलंस तेव्हा काय मागितलंस?"

"काही नाही."

"काही नाही कसं? तू तर भाजीसाठीसुद्धा मागतेस. चांगली निघू दे म्हणून."

ती बाहेर बघत राहिली. "तिकीट होऊ दे म्हणावं, तर जिभेवर येईना. होऊ नको दे म्हणावं, तर तुझ्या मनाविरुद्ध. मग नुसतंच कुंकू लावलं. त्याला म्हटलं, तूच बघ." मग एकदम हसली. "त्यानं मशीनच बंद पाडलं!"

मीही हसले. पण पुढचे तीन थांबे मी काहीच बोलले नाही. तेवढंच काय ते त्या दिवशीचं माझं शेवटचं गप्प राहणं.

दुकानात पोचलो तेव्हा पाचला पंचवीस कमी होते. बाजवा अंकल मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडत होते.

"आ गई बिटिया! मैंने सोचा अब नहीं आओगी." त्यांनी हात पुसले आणि कॉम्प्युटरसमोर बसले. "चलो. वन वे, मुंबई."

आईनं पर्स उघडली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाबा. तिनं स्पीकर लावला आणि फोन तांदळाच्या पोत्यावर ठेवला.

"अगं, अकरा मिस्ड कॉल! काय झालं? कार्ड चाललं का?"

"चाललं," आई म्हणाली. "शालूनं चालवलं. अहो, तिनं बँकेतल्या बाईंना असं ऐकवलं, असं ऐकवलं..."

"शालूनं? कुठल्या भाषेत?"

"आज दुसऱ्यांदा कोणीतरी हेच विचारतंय, बाबा," मी म्हटलं. "अंकल, एक मिनट. रिटर्न कितने का है?"

बाजवा अंकलनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "छह सौ दस. क्यों?"

आईचा नोटांवरचा हात तसाच राहिला.

"शालू?" पोत्यावरून बाबांचा आवाज आला. "काय चाललंय तिथे?"

"बाबा, ऐका. आई, तूपण ऐक, आणि रडायला लागू नकोस, अंकलना वाटेल तिकीट महाग झालं. मी मिरजेला जाणार. मावशीच्या हातचा भडंग खाणार, सुट्टीभर राहणार, आणि शाळा उघडायच्या आधी परत येणार. सातवी पुन्हा करायला लावली तर करीन, पण आधी सोमवारी शाळेत जाऊन मी स्वतः त्यांच्याशी बोलणार आहे. एकेरी नको, जा-ये काढायचं. एकशे ऐंशी युरो कमी पडतायत, आणि कोपऱ्यावर मशीन आहे. कार्ड दे, आई. पिन मला पाठ आहे, आणि पाचाला अजून अठरा मिनिटं आहेत."